शूला गेली म्हणून तारा कापला

ताई, मी जळगावला राहते. माझी मुलगी साडेसहा वर्षांची आहे, पहिलीत शिकते. घरी आम्ही तिला चिऊ म्हणतो. शाळा खासगी, विनाअनुदानित आहे आणि वर्गात सेहेचाळीस मुलं आहेत. चिऊ घरून सव्वाआठला निघते आणि सव्वातीनला परत येते. वर्गाचा नियम असा की शूला फक्त सुट्टीत जायचं. मधेच लागली तर बाई सोडतात, पण फळ्याशेजारच्या तक्त्यावरचा त्या मुलाचा एक तारा कापतात. शनिवारी ज्याचे सगळे तारे शिल्लक, त्याला टाळ्या आणि स्टिकर.

दिवाळीनंतर चिऊची पाण्याची बाटली भरलेलीच परत यायला लागली. घरी आल्या आल्या ती दप्तर टाकून बाथरूमकडे पळते. दोनदा दारातच झाली. गेल्या महिन्यात वर्गात चड्डीत झाली आणि मुलं हसली. बाईंना भेटले, तर म्हणाल्या, "मोठ्या वर्गात गेल्यावर काय करणार? सवय लागायला हवी." सासूबाईंचंही तेच म्हणणं. यजमान म्हणतात, पालकांच्या ग्रुपवर टाकू, म्हणजे शाळा ताळ्यावर येईल. लहान सुट्टी दहा मिनिटांची असते. त्या मजल्यावर पहिलीच्या चार तुकड्यांतल्या मुलींना मिळून तीन संडास आहेत. मी तिचं सकाळचं दूध-पाणी कमी करू का? दप्तरात जास्तीची चड्डी द्यावी का, की त्याने ती आणखी लाजेल? आणि मी उगाच बाऊ करतेय का?

— एक आई

नमस्कार.

ज्या प्रश्नाची घाई आहे तो आधी घेते. दूध-पाणी कमी करू नका. उलट आज संध्याकाळपासून ते पूर्ववत करा. पाणी कमी प्यायलं की लघवी घट्ट आणि गडद होते, ती मूत्राशयाला झोंबते, आणि शूची भावना थांबण्याऐवजी घाईची, अनावर होऊन येते. शिवाय शौचाला खडा होतो. फेब्रुवारी सरत आलाय. जळगावात एप्रिल-मे महिन्यांत पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या उन्हात सात तास बाहेर असलेलं लेकरू पाणी न पिता राहतंय, हीच तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट आहे.

आणि नाही, तुम्ही बाऊ करत नाही आहात.

साडेसहा वर्षांच्या मुलीच्या मूत्राशयात किती मावतं, याचा डॉक्टर एक साधा अंदाज बांधतात. वयात एक मिळवायचा आणि तीसने गुणायचं. चिऊच्या बाबतीत ते सव्वादोनशे मिलिलिटरच्या आसपास येतं, म्हणजे मोठ्या माणसाच्या साधारण निम्मं. या वयाच्या मुलांनी दिवसातून चार ते सात वेळा शूला जाणं सर्वसामान्य मानतात. जागेपणीचे तास धरले तर दर दोन-तीन तासांनी एकदा. चिऊ घराबाहेर सात तास असते. म्हणजे तिला शाळेत निदान दोनदा, बहुतेक दिवशी तीनदा जावं लागणारच. त्यातली एखादी वेळ तासाच्या मधोमध येणं हा काही तिच्या वागण्यातला दोष नव्हे.

आणखी एक गोष्ट मोठ्यांच्या लक्षात राहत नाही. आपल्याला चाहूल बरीच आधी लागते. आपण मनात म्हणतो, मीटिंग संपली की जाऊ. चित्र रंगवण्यात गुंग झालेल्या पहिलीतल्या मुलाला बरेचदा चाहूल लागते तीच शेवटच्या घटकेला. त्याने करंगळी वर केली, म्हणजे त्याला आत्ता जायचं आहे. "सुट्टी व्हायला पंधराच मिनिटं आहेत, थांब" हे वाक्य बाईंच्या दृष्टीने अगदी वाजवी असतं आणि त्या मुलाच्या दृष्टीने अशक्य.

मग थांबायला लावलेलं मूल काय करतं? पाय आवळतं. पायावर पाय टाकतं. कित्येक मुली खाली बसून एका पायाची टाच मधोमध दाबून धरतात. चिऊ घरी खेळताना असं करते का, जरा लक्ष ठेवा. हे रोज रोज झालं की ओटीपोटाखालच्या स्नायूंना आवळून राहण्याचीच सवय लागते, आणि पुढे निवांत बसल्यावरही ते पुरते सैल सोडत नाहीत. शू अर्धवट होते, थोडी आत उरते, उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असल्याने त्यांना हा संसर्ग लवकर होतो. शी रोखून धरली की तीही कडक होते, भरलेलं आतडं पुढच्या मूत्राशयावर दाबतं आणि चड्डी ओली होण्याचं प्रमाण आणखी वाढतं. घरी येताच धावत सुटणं, दारात होणं, भरलेली बाटली, वर्गातला प्रसंग, हे तुम्ही चार वेगवेगळे प्रकार म्हणून लिहिलेत. मला ते एकाच साखळीतले दिसतात, आणि तिची सुरुवात त्या तक्त्यावरच्या ताऱ्यापाशी आहे.

"सवय लागायला हवी" असं बाई म्हणतात. सवय लागायलाच हवी, पण कसली? शू रोखून मूत्राशय बिघडलेली मुलं बालरोगतज्ज्ञांकडे येतात तेव्हा त्यांना जी सवय लावली जाते ती नेमकी उलटी असते: लागो न लागो, दर दोन-अडीच तासांनी जायचं, घाई करायची नाही, पूर्ण रिकामं करून उठायचं. रोखायला शिकवणं हा त्या उपचाराचा भागच नाही. आणि मोठ्या वर्गात काय होतं म्हणाल, तर मूल मोठं होतं, मूत्राशय मोठं होतं, चाहूल लवकर कळायला लागते. दहाव्या वर्षी तोच अंदाज सव्वातीनशेच्या पुढे जातो. पहिलीत तारे कापले म्हणून काही ते लवकर वाढत नाही.

ताऱ्यांबद्दल मला थोडं अधिक बोलायचं आहे, कारण अशा तक्त्यांना कुणी शिक्षा म्हणत नाही. छडी नाही, रागावणं नाही, सगळं रंगीबेरंगी. पण हा नियम कुणाला किती भोवतो ते पाहा. वर्गातली अवखळ मुलं तारा गेला तर गेला म्हणून खुशाल उठून जातात. ज्या मुलीला बाई मनापासून आवडतात, जिला शनिवारच्या टाळ्या हव्या असतात, जी सांगितलेलं सगळं ऐकते, तीच पाणी प्यायचं सोडते. म्हणजे सगळ्यात जास्त त्रास सगळ्यात शहाण्या मुलांना. शिवाय शरीराने दिलेली हाक ऐकणं ही लाजेची, गुण गमावण्याची गोष्ट आहे, असं ते मूल शिकतं. हे शिकलेल्या कित्येक मुली पुढे आठवी-नववीतही दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि पाळीच्या दिवसांत तर शाळाच बुडवतात.

आता बाईंची बाजू. ती मी टाळणार नाही, कारण मी स्वतः बरीच वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आहे. वाचन रंगात आलेलं असतं, एक करंगळी वर होते आणि बघता बघता दहा. त्यातल्या चारांना खरंच लागलेली असते, सहांना बाहेरचं ऊन बघायचं असतं. दाराबाहेर गेलेलं मूल परत येईपर्यंत जीव टांगणीला असतो, कारण काही झालं तर पहिला प्रश्न बाईंनाच विचारला जाणार. शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट पहिली ते पाचवीसाठी साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक धरून चालतं. चिऊच्या बाईंपुढे सेहेचाळीस बसलेली आहेत. आणि एक गोष्ट शिक्षकखोलीबाहेर फारशी बोलली जात नाही. कित्येक शिक्षिका स्वतःच सकाळपासून दुपारपर्यंत जात नाहीत. मधल्या सुट्टीत वह्या, डबे, भांडणं, आणि त्यांच्या वापराचं स्वच्छतागृह दोन मजले खाली. ज्या बाई स्वतः रोखून धरतात त्यांना मुलांनी रोखणं स्वाभाविक वाटायला लागतं. म्हणून त्यांच्याशी बोलताना त्या दुष्ट आहेत असं मनात धरून जाऊ नका. एकट्या बाईंवर एवढी मुलं सोपवलेली आहेत, त्यातून त्यांनी काढलेला हा मार्ग आहे. मार्ग चुकीचा आहे, आणि तो बदलायचा आहे.

तर बाईंना पुन्हा भेटा, पण शाळा सुटतानाच्या गर्दीत नको. दहा मिनिटं मागून घ्या. चिऊला सोबत नेऊ नका. आणि बोलण्याची सुरुवात ताऱ्यांपासून करू नका, बाटलीपासून करा. मी असं म्हणेन: "बाई, चिऊ शाळेत पाणीच पीत नाहीये. मी विचारलं तर म्हणाली, प्यायलं तर शू लागते आणि मग तारा जातो. तिला तुमच्याकडून तारे हवे असतात, म्हणून ती असं करतेय. तिची तब्येत बिघडायला लागली आहे. शूचं आणि ताऱ्यांचं नातं तोडता येईल का? तारे बाकी सगळ्यासाठी असू देत." यात बाईंवर आरोप नाही, आणि जे घडतंय ते लपवलेलंही नाही. बहुतेक शिक्षिका इथेच थबकतात. आपल्यासाठी एक मूल तहानलेलं राहतंय, हे ऐकून कुणालाही बरं वाटत नाही.

त्यानंतर पर्याय पुढे ठेवा, कारण नुसतं "नियम काढा" म्हटलं तर दहा करंगळ्यांचा प्रश्न बाईंपाशी तसाच उरतो. अनेक वर्गांत चालणारी एक सोपी पद्धत आहे. दाराशेजारी खिळ्याला दोन कार्डं टांगायची, एक मुलींचं, एक मुलग्यांचं. कार्ड जागेवर असेल तर ते गळ्यात घालून, बाईंना करंगळी दाखवून निघायचं. बाईंनी मान हलवायची, शिकवणं थांबवायचं नाही. कार्ड नसेल तर कुणीतरी गेलंय, ते आलं की आपण. अगदीच घाई असेल तर बाईंच्या जवळ जाऊन सांगायचं. यात मूल परवानगीची वाट बघत नाही, ते सांगून जातं, आणि एका वेळी दोनांहून अधिक मुलं बाहेर नसतात. पहिले चार-पाच दिवस कार्डाची नवलाई असते, सगळ्यांनाच जायचं असतं. तेवढे दिवस बाईंना धीर धरावा लागेल. मग नवलाई ओसरते. ज्या गोष्टीला कुणी अडवत नाही, तिची मजाही राहत नाही.

सुट्टीचं गणितही मांडा, आणि हे मात्र बाईंपुढे नको, मुख्याध्यापिकांपुढे. चार तुकड्या, प्रत्येकीत वीस-बावीस मुली धरल्या तर ऐंशी-नव्वद. संडास तीन. मुलगी लहान, युनिफॉर्मचा पट्टा, पिनोचं बटण, पाणी टाकणं, सगळं धरून दोन मिनिटं तरी लागणार. दहा मिनिटांत एका संडासात पाच, तिन्हींत मिळून पंधरा मुली. उरलेल्या सत्तर जणींनी सुट्टीत जायचं तरी कसं? शिवाय त्याच दहा मिनिटांत डबाही खायचा असतो. नियम पाळायची मुलींची कितीही इच्छा असली तरी तो पाळता येण्याजोगाच नाही, हे आकडे कागदावर लिहून दाखवलं की समजतं. तुकड्यांच्या सुट्ट्या पाच-सात मिनिटांच्या फरकाने ठेवल्या, आणि दुसऱ्या तासानंतर व जेवणानंतरच्या पहिल्या तासाच्या शेवटी "पाणी प्या, शू करून या" अशी तीन मिनिटं दिली, तरी निम्मा ताण कमी होतो. केरळमधल्या शाळांत २०१९ मध्ये मुलांना पाणी प्यायची आठवण म्हणून दिवसातून काही वेळा घंटा द्यायला सुरुवात झाली आणि इतर राज्यांतही ती कल्पना उचलली गेली. चांगलीच आहे. फक्त पाण्याची घंटा दिली की पाठोपाठ शूची मोकळीक द्यायला हवी, नाहीतर शाळा एका हाताने पाजणार आणि दुसऱ्या हाताने दार लावणार.

शाळा कदाचित सुरक्षेचं कारण सांगेल. ते कारण खोटं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत शिशुवर्गातल्या मुलींवर स्वच्छतागृहात अत्याचार झाला, त्यानंतर प्रत्येक आईच्या पोटात गोळा आहे आणि प्रत्येक मुख्याध्यापिकेच्याही. पण त्यातून निघणारी जबाबदारी मोठ्यांची आहे. लहान मुलींच्या स्वच्छतागृहापाशी शाळेच्या वेळेत मावशी असायला हवी, तिथली साफसफाई बाईमाणसाकडे हवी, बाहेरच्या पॅसेजमध्ये कॅमेरा हवा, मुलींनी जोडीने जायला हवं. शाळांमध्ये मुलामुलींच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती असावी असा राज्य सरकारचा २०२२ चा निर्णय आहे. तुमच्या शाळेत त्या समितीत कोण कोण आहे ते विचारा आणि हा विषय त्यांच्यासमोर ठेवा. दाराशी मावशी उभी करायला पैसे लागतात. मुलीला बाकावर बसवून ठेवायला काही लागत नाही, म्हणून दुसरा उपाय शाळांना सोपा वाटतो. पालकांनी तो मान्य करू नये.

कायद्याचं थोडक्यात सांगते. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधलं सतरावं कलम मुलांना शारीरिक शिक्षा देण्याला आणि त्यांच्या मानसिक छळाला मनाई करतं, आणि ते विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे. शूला गेल्याबद्दल चारचौघांत तारा कापणं माझ्या मते त्या मनाईच्या अगदी उंबरठ्यावर आहे, आणि मुलाला जाऊच न देणं तर सरळ आत. मुलगे आणि मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं हवीत, हे त्याच कायद्याच्या परिशिष्टात आहे. बाईंशी बोलून दोन आठवड्यांत काही हललं नाही तर मुख्याध्यापिकांना लेखी पत्र द्या, पोच घ्या. मग पालक-शिक्षक संघ. तिथेही काही झालं नाही तर जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षणाधिकारी, आणि त्याही पुढे राज्य बालहक्क संरक्षण आयोग. बहुतेक प्रकरणं मुख्याध्यापिकांच्या टेबलापाशीच मिटतात. पण पुढची दारं आहेत, हे मनाशी असलं की पहिल्या दारात आपला आवाज कापत नाही.

यजमानांना माझा निरोप द्या: ग्रुपवर टाकू नका. राग समजतो. पण त्या ग्रुपवर चिऊच्या वर्गातल्या मुलांचेच आईबाप आहेत. वर्गात जे दोन मिनिटं हसून संपलं ते रात्री पंचेचाळीस घरांत बोललं जाईल आणि सकाळी परत वर्गात येईल. त्याऐवजी चार-पाच आयांना वेगवेगळं गाठा आणि एवढंच विचारा, "तुमच्याकडे बाटली रिकामी येते का?" मला वाटतं निदान दोघी तरी चमकून बघतील. मग चौघींनी मिळून सही केलेलं पत्र जाऊ द्या, कुणाच्याही मुलाचं नाव न घेता.

सासूबाईंना उत्तर देऊ नका, प्रश्न विचारा. त्यांच्या शाळेत मुलींसाठी मुतारी होती का? त्या दिवसभर काय करत? पाणी पीत का? निवांत वेळी, चहा घेताना विचारा. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी बायका सकाळी घरून जाऊन निघायच्या ते संध्याकाळी घरी आल्यावरच पुन्हा, आणि याविषयी त्यांना आजवर कुणी विचारलेलंही नसतं. शाळांमध्ये स्वच्छतागृहं हवीतच, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०१२ मध्ये, म्हणजे अगदी अलीकडे, द्यावा लागला. सासूबाईंनी सोसलं ते खरंच आहे. नातीने तेच सोसावं असं त्यांना मनातून वाटत असेल, हे मला पटत नाही. आणि त्या एकदा चिऊच्या बाजूला आल्या, की त्यांच्याइतकं ठाम कुणी बोलणार नाही.

आता चिऊ. बाईंशी बोलणं झाल्यावरच तिला हे सांगा, नाहीतर ती आई आणि बाई यांच्यामध्ये अडकेल. शब्द अगदी थोडे आणि रोज तेच: "शू लागली की जायचं. बाईंना करंगळी दाखवायची. त्यांचं लक्ष नसेल तर जवळ जाऊन सांगायचं. तारा गेला तर जाऊ दे, आईला तुझे तारे नकोत, तू बरी हवीस." त्यापुढचं एक वाक्य काही पालकांना धाडसाचं वाटेल, पण मी ते सांगायच्या बाजूची आहे: "कुणी नाही म्हणालं आणि तुला अजिबात राहवत नसेल, तर उठून जा. नंतर आई बोलेल." साडेसहा वर्षांच्या मुलीला एवढा आधार हवाच. सोबत सुरक्षेचंही सांगा: मैत्रिणीबरोबर जायचं, आतून कडी लावायची, आत कुणी मोठं माणूस आलं तर ओरडायचं आणि घरी येऊन सांगायचं.

मात्र त्याआधी तिला विचारा की सुट्टीत तरी ती जाते का. कधी कधी नियमामागे दुसरंच काही निघतं. कडी उंचावर असते. आत अंधार असतो. घाण असते, पाणी नसतं. दुसरीतल्या मुली दार ढकलतात. घरी कमोड आणि शाळेत भारतीय पद्धतीचा संडास, उकिडवं बसलं की पडायची भीती वाटते. पिनोचा मागचा पट्टा स्वतःला सोडता येत नाही. पट्टा काढून सैल इलॅस्टिक लावणं, घरी दोन दिवस उकिडवं बसायचा सराव करणं, एवढ्याने सुटणारी गोष्टही असू शकते. आणि शाळेत एकदा जाऊन ते तीन संडास स्वतःच्या डोळ्यांनी बघून या. आयांनी बघायला मागितलं की त्यांची सफाई सुधारते, हे मी पाहिलेलं आहे.

घरचं वेळापत्रक असं ठेवा: उठल्यावर शू, नाश्त्याबरोबर दूध, निघताना पुन्हा शू, लागली नसली तरी. शाळेत बाटली अर्ध्या लिटरची. संध्याकाळी एकदम ढसाढसा पाणी पिऊ देऊ नका, नाहीतर रात्री गादी ओली होईल आणि तिला वाटेल आपलं सगळंच बिघडलंय. कमोडवर बसताना पाय लोंबकळू देऊ नका, खाली पाट किंवा छोटं स्टूल द्या. पाय टेकले की खालचे स्नायू सैल सुटतात. चड्डी गुडघ्यांच्या खाली, थोडं पुढे झुकून, आणि झालं असं वाटल्यावर एखादं बडबडगीत म्हणेपर्यंत बसून राहायचं. धुताना पुढून मागे. शौचाला रोज साफ होते का तेही पाहा, कडक होत असेल तर ते आधी सुधारायला हवं.

येत्या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे एक फेरी कराच. लघवीची साधी तपासणी करून घ्या. जळजळ, ताप, पोटात दुखणं, लघवीला वास किंवा लाली, यांपैकी काही असेल तर आठवडाही थांबू नका. आणि हे मी प्रत्येक आईला सांगते: मूल एकाएकी खूप पाणी प्यायला लागलं, सारखं शूला जाऊ लागलं आणि वाळत चाललं, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा. चिऊचं तसं दिसत नाही, ती पाणी टाळते आहे. पण वर्गात दुसरं एखादं मूल तसं असेल, तर "सारखं सारखं जातो" म्हणून तारे गमावणारं ते पहिलं असेल. बाईंना हेही सांगून ठेवा.

डॉक्टर कदाचित "हिला हवं तेव्हा जाऊ द्यावं" अशी चिठ्ठी देऊ करतील. घ्या, लगेच उपयोगी पडेल. पण तिच्यावर थांबू नका. त्या चिठ्ठीने चिऊची सोय होईल, शेजारच्या बाकावरच्या मुलीची होणार नाही. आणि चिऊ वर्गातली एकटी आजारी ठरेल.

राहिला चड्डीचा प्रश्न. द्या, पण तिच्या दप्तरात देऊ नका. दप्तरातली पिशवी मुलं उघडतात, मग पुन्हा हसणं. माझ्या एका सहकारी बाई होत्या. वर्गात कुणाची चड्डी ओली झालेली दिसली की त्या चालता चालता पाण्याची बाटली त्याच बाकावर पाडायच्या, "अरे, माझ्याकडून पाणी सांडलं, जा रे, कपडे बदलून या" म्हणत त्या मुलाला आणि शेजाऱ्यालाही बाहेर पाठवायच्या. कुणाला काही कळायचं नाही. त्यांच्या कपाटात पाच-सहा चड्ड्या, दोन स्कर्ट, एक टॉवेल कायम असायचा, कुणाचंही नाव नसलेला, आणि कपडे घरी जाऊन धुऊन परत यायचे. तुम्ही हीच कल्पना चिऊच्या बाईंपुढे ठेवा. बाईंना भेटायला जाल तेव्हा दोन-तीन मापांच्या नव्या सुती चड्ड्या आणि एक जुना टॉवेल कापडी पिशवीत घालून सोबतच न्या, आणि "वर्गासाठी, कुणालाही लागल्या तर" एवढंच म्हणून त्यांच्या हातात द्या.